बंद करायचं काम माझं

खाडीच्या बांधावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने खाजणाच्या खाऱ्या चिखलात पाय घालून दुसऱ्याला वाट द्यायची, ही आमच्या कोपर गावची जुनी रीत. पण समोरून ट्रॅक्टर आला तर काय करायचं, हे कुणी सांगून ठेवलं नव्हतं.

नवे पैसे चालू झाले त्या वर्षीची गोष्ट. माझ्या डोक्यावर चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची टोपली, हात चिखलाने भरलेले... आणि समोर ते रंग उडालेलं धूड, मागे माती खोदायची लांब लोखंडी सोंड. वर बसलेल्या माणसाने मला हाताने खूण केली — बाजूला हो.

मी हलले नाही. “मागं घेता येत नाय का?”

“येतं... पण बांध खचंल.” मग टोपलीकडे बघून म्हणाला, “तुझ्या चिंबोऱ्यांना तरी येतं का मागं जाता?”

“त्या आडव्या जातात. तुमी पण जा.”

तो हसला. ते हसू मला आवडलं, हे आत्ताच सांगून टाकते. उगाच आढेवेढे कशाला. शेवटी खाजणात मीच उतरले, गुडघाभर चिखलात. आणि चिंबोऱ्या विकून घरी येऊन बघते तर तेच धूड आमच्या अंगणात उभं.

माझ्या बाने, म्हणजे वडिलांनी, ते शहाडच्या एका वर्कशॉपमधून जुनं विकत घेतलं होतं. आमच्या शेताचा बांध आदल्या पावसाळ्यात फुटलेला. वैशाखी पुनवेच्या उधाणाआधी तो उभा राहिला नाही, तर खारं पाणी शेतात शिरणार आणि भाताची काडीही उगवणार नाही. बाचा गुडघा कामातून गेलेला, क्लच दाबणं त्याला जमेना. घरात दुसरं मूल नाही. तेव्हा शिकायचं मी. वर्कशॉपच्या शेटने नाथाला — त्या हसणाऱ्याचं नाव नाथा — एका बोलीवर पाठवला होता: घरातलं एक माणूस तयार झालं, की त्याने परत यायचं.

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हसू देत. त्यांना काय ठाऊक, गुरुजी कसा होता.

पहिला धडा इंजिन फिरवून चालू करायच्या हँडलचा. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात पटकन सुटला पाहिजे. माझ्या हाताला मुसळाची सवय, अंगठा फिरून फिरून मुठीत जायचा. मग नाथा तो हळूच उचलायचा आणि बोटांशेजारी ठेवायचा. त्याच्या बोटांना रॉकेलचा वास यायचा. मला तो वास आवडू लागला, म्हणजे बघा.

इंजिन पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की इंधनाची तोटी फिरवून रॉकेलवर घ्यायचं. सोंड चालवायची तर आधी दोन्ही बाजूंचे लोखंडी पाय जमिनीला टेकवायचे, मग मागे तोंड करून दांडे धरायचे. मी घाई केली की तो म्हणायचा, सोंड चिखल सोडेपर्यंत थांब. खाडीचा वारा सुटायचा, तो माझ्या हातची भाकरी-सुकट खायचा, आणि बांध रोज थोडा लांब व्हायचा. संध्याकाळी मात्र ठरलेलं एकच वाक्य. “जा, हात धुऊन ये. बंद करायचं काम माझं.”

एकदा शेजारी हळद होती. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणाऱ्या बायकांनी तक्रार केली, तुमच्या या धडधडीत आमचा आवाज नवरीलाही ऐकू येत नाही. धवल्यांचा मान मोठा. बाने लगबगीने जाऊन स्वतःच इंजिन बंद केलं. ते पुन्हा चालू होईचना. नाथा दिवस मावळेपर्यंत प्लग काढून पुसत बसला. बाने कारण विचारलं, तर म्हणाला, म्हातारं यंत्र आहे, रुसतं. पण म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मी हात धुवायला गेले आणि कुडाआड उभी राहिले. नाथाने तोटी परत पेट्रोलवर फिरवली. उरलेलं रॉकेल इंजिनाने पिऊन टाकेपर्यंत थांबला. मग बंद केलं. म्हणजे रॉकेल पोटात राहिलं तर सकाळी यंत्र उठत नाही, एवढंच ते रुसणं. सगळं शिकवलं आणि हेच चोरून ठेवलं... मला आधी राग आला. मग कारण लक्षात आलं, आणि राग ओसरला.

माझीही गत वेगळी नव्हती. जितकं येईल तितका तो लवकर जाणार. वेड पांघरावं असं मनात यायचं, पण उधाण काही कुणासाठी थांबत नाही. मी शिकले. बांध पुरा झाला. पुनवेचं पाणी त्याला बाहेरून थापट्या मारून परत गेलं, आणि बा म्हणाला, “नाथा, बाय तयार झाली. तू आता मोकळा.”

त्या संध्याकाळी अंगणात इंजिन धडधडत होतं. नाथा सवयीने म्हणाला, “जा, हात धुऊन ये. बंद करायचं काम—”

“उद्यापासून कुणाचं?”

तो फडक्याने सोंडेचे दांडे पुसू लागला.

“समदं शिकवलंत. हे का नाय शिकवलं?”

“शिकवलं असतं तर...” तो सोंडेकडे बघत राहिला. “मना परत बोलवायला तुला कारण काय उरलं असतं? सगुणा, मना जायचंच नाय.”

“मना येतं ते. पेट्रोलवर घ्यायचं, थांबायचं, मग बंद करायचं.”

त्याचा चेहरा पडला. मला ते बघवेना. मी सीटवर चढले, तोटीवर हात ठेवला... आणि तो तसाच काढून घेतला. रॉकेलवरच इंजिन बंद केलं. ते खोकलं आणि गप्प झालं.

ओटीवरून बाने विचारलं, काय झालं.

“रुसलं, पंढरीकाका,” नाथा माझ्याकडे बघत म्हणाला. “उद्या यावं लागंल.”

“एकटे नका येऊ,” मी हळूच म्हटलं. “आईला घेऊन या.”

त्या दिवशी हात धुवायला आधी तो गेला. मी सीटवरच बसून राहिले, अंगठा मुठीत घट्ट धरून.