ओळख चालत नाही

निनोस खोशाबा तिला पहिल्यांदा दिसला तो अडकलेला.

दोन काचेच्या दारांमध्ये उभा होता. मागचं दार बंद झालेलं, पुढचं उघडत नव्हतं, आणि हातात फडक्यात बांधलेलं मोठं भांडं. डेटा सेंटरच्या त्या काचेच्या खोक्यातून एका वेळी एकच माणूस आत जातो. पायाखाली वजनकाटा असतो. नोंदवलेल्या वजनापेक्षा आकडा जास्त भरला की खोका समजतो, एकाच्या कार्डावर दोघं घुसताहेत.

पलीकडे टेबलाशी मेलेआने ताउफा बसली होती. तिने माइकचं बटण दाबलं.

“तुमचं वजन किती?”

“पहिल्याच भेटीत?”

“काटा विचारतोय, मी नाही.”

“ब्याऐंशी.”

“काटा सत्त्याऐंशी म्हणतोय.”

“वरचे पाच आईचे आहेत... डोलमा. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. आज पहिला दिवस ना, म्हणाली सगळ्यांना दे.”

“मागे जा. भांडं त्या खिडकीतून सरकवा. आणि एकटे या.”

“म्हणजे आईला सांगू का, तुझ्या डोलम्याला पकडून ठेवलंय?”

ती हसली नाही. खिडकीतून आलेल्या भांड्याचं झाकण मात्र उघडलं. लिंबाचा, शेपूचा वास आला. तिने एक डोलमा उचलला, शांतपणे खाल्ला, आणि माइकवर म्हणाली, “तपासणी झाली.”

आता तो हसला. माइकचं बटण सोडलं की काचेपलीकडून आवाज येत नाही, नुसतं हसू दिसतं. मेलेआनेला तेवढंही जास्त झालं.

लोक म्हणतात, आमचे फोटो ढगात आहेत, हिशेब ढगात आहेत. कसला ढग नि कसलं काय! सिडनीच्या पश्चिमेला, गोदामांच्या रांगेत, बिनखिडक्यांची, बिननावाची काँक्रीटची पेटी आहे ती. तिच्यावर पैसा करणारे समुद्राकडे तोंड करून बसतात. ती राखणारे ब्लॅकटाउनहून बस पकडून येतात, ती गार ठेवणारे फेअरफिल्डहून. दोघंही ठेकेदाराची माणसं. मेलेआनेने तीन वर्षं ते दार राखलं होतं, आणि तिच्या कार्डावर फक्त जेवणाची खोली आणि संडास उघडत होता. आत काय आहे, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

निनोस गारव्याचा मेकॅनिक. छतावरचे पाच चिलर, म्हणजे घराएवढाल्या पाणी थंड करणाऱ्या मशिनी, त्याच्या ताब्यात. खोक्यात त्याला रोज अर्धं मिनिट थांबावं लागे, तळहाताची तपासणी होईपर्यंत. त्या अर्ध्या मिनिटात तो तिला आतलं जग हप्त्याहप्त्याने सांगू लागला.

“आत दोन प्रकारच्या गल्ल्या आहेत. एक थंड, एक गरम. सर्व्हर थंड गल्लीतून श्वास घेतात आणि गरम गल्लीत सोडतात. हजारो जण... एकदम.”

दुसऱ्या दिवशी, “वीज गेली तर काय होतं, सांगू? काहीच होत नाही. बॅटऱ्या तोलून धरतात, दहा सेकंदांत खालची डिझेल जनरेटरं उठतात. आतल्या एका दिव्याचीसुद्धा पापणी लवत नाही.”

“तू बायकोबद्दल बोलल्यासारखा बोलतोस.”

“बायको नाही मला.”

“मी विचारलं नव्हतं.”

“काटा विचारत होता.”

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

मग तिनेही एक दिवस सांगितलं. तिच्या देशात, टोंगात, ज्वालामुखी फुटला, समुद्रातली केबल तुटली, आणि सगळा देश गप्प झाला, तेव्हा ती इथे ब्लॅकटाउनला होती. आत्या तिकडे राजधानीत, नुकुअलोफाला. वाचली की नाही, नऊ दिवस कळलं नव्हतं. “आमच्यात बापापेक्षा बापाच्या बहिणीचा शब्द मोठा. नऊ दिवस मी फोन छातीशी धरून झोपले. तो शांतपणा मला माहीत आहे, निनोस. म्हणून या दाराशी मी थट्टा करत नाही.”

पुढचं दार उघडलं होतं. तो आत जायचं विसरला... आणि खोका ओरडायला लागला.

जानेवारीतल्या त्या मंगळवारी पारा सेहेचाळीसवर गेला. दुपारी दोनला सगळ्या पश्चिम सिडनीने एसी लावले होते आणि वीज गेली.

मेलेआनेच्या पायाखालची फरशी थरथरली. जनरेटरं उठली होती. समोरचा दिवा हललासुद्धा नाही. तो म्हणाला होता अगदी तसं. तिच्या अंगावर काटा आला.

पण पाचांपैकी दोन चिलर उठलेच नाहीत. वर हवाच इतकी तापलेली की मशिनींनी नांगी टाकली. निनोस एकटा छतावर, बागेतल्या नळीने त्यांच्या जाळ्यांवर पाणी मारत होता. आतला आकडा चोवीसवरून सत्तावीसवर गेला. बत्तीसला सर्व्हर आपोआप बंद पडणार. त्यांत इस्पितळं होती, ॲम्ब्युलन्सचे फोन होते. एका पंख्याचा रिले, म्हणजे त्याची वीज जोडणारा स्विच, जळलेला, आणि नवा खाली गाडीत. तो आगीच्या जिन्याने धावत उतरला. त्या जिन्याचं दार फक्त बाहेर उघडतं.

परत आत यायला एकच वाट होती.

तो काचेशी आला तेव्हा अंगात नुसता बनियन, तोही चिंब. हातात रिले. गळ्यात कार्ड नाही. शर्ट त्याने वर काढून ठेवला होता, कार्ड त्यालाच.

“मेलेआने, उघड. कार्ड वर राहिलं.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. चेहरा लाल, ओठ फुटलेले. हात बटणावर होता. एक बोट दाबायचं... बस.

“तुम्हाला तात्पुरता पास काढावा लागेल,” ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. त्या ‘तुम्हाला’कडे.

आतून मॅनेजर हॅलोरन फोनवर ओरडले, “उघड त्याला! मी ओळखतो!”

“मीही ओळखते, साहेब. ओळख चालत नाही. तुम्ही लेखी द्या, या सेकंदाला उघडते.”

हॅलोरननी लेखी दिलं नाही. असली माणसं देत नाहीत. हुकूम तोंडी, जबाबदारी दुसऱ्याची.

तिने नियंत्रण कक्षाला फोन लावला. फोटो जुळवला. जन्मतारीख विचारली. तळहात तपासला. पास छापायला टाकला. आकडा एकोणतीस... तीस. निनोस काचेला हात टेकून उभा राहिला. चार मिनिटं आणि दहा सेकंद. दार उघडलं, आणि तो तिच्याकडे न बघता पळाला.

एकतीसला आकडा थांबला. मग हळूच उतरला. जगात कुणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी निनोस आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याचं कार्ड बंद दिसत होतं. तिच्याकडे ना त्याचा नंबर, ना पत्ता. अर्ध्या मिनिटाच्या ओळखीत असतं काय?

दोन आठवड्यांनी ठेकेदाराने तिला बोलावलं. हॅलोरननी तक्रार केली होती, गार्डच्या हट्टापायी चार मिनिटं गेली, हिला काढा. नोकरी जाणार, हे ती धरूनच आली होती. निनोसनेही तेच लिहिलं असेल, हेही. ठेकेदाराने तिच्यासमोर निनोसचा जबाब सरकवला.

वळणदार अक्षर नव्हतं. ‘कार्ड मी विसरलो. चूक माझी एकट्याची. तिने पासशिवाय दार उघडलं असतं, तर तिची तक्रार मी केली असती. त्या चार मिनिटांत या इमारतीत नियमाने वागणारी ती एकटीच होती.’

नोकरी राहिली. कार्ड सोडल्याबद्दल त्याला तीन आठवडे आत यायला बंदी झाली होती. हॅलोरनना काही झालं नाही. त्यांना कधीच काही होत नसतं.

मेलेआने संडासात जाऊन रडली. एकटीने रडायला तिच्या कार्डावर तेवढंच उघडत होतं.

बंदी संपल्यावरच्या गुरुवारी तिची सुट्टी होती. सकाळी दुसऱ्या गार्डचा, कार्मेनाचा फोन आला. माल्टाची म्हातारी, तोंडाने फटकळ. “ये इकडे. घरच्या कपड्यांत ये. तुझ्या नावाने पाहुण्याचा अर्ज आलाय.”

ती आली. आज टेबलासमोर, पाहुण्यांच्या बाजूला उभी राहिली. निनोस शेजारी, कार्ड गळ्यात, नजर जमिनीवर.

“ओळखपत्र,” कार्मेना म्हणाली.

“आंटी, मीच आहे.”

“असशील. दाखव.” मग तिने अर्ज पुढे केला. “भेटीचं कारण नीट लिहिलंय. सही आहे, खाडाखोड नाही. मला अडवता येत नाही. तू वाचून घे.”

‘हिने तीन वर्षं दार राखलं. आत काय आहे ते हिला दाखवायचं आहे. मग विचारायचं आहे, माझ्याशी लग्न करशील का.’

मेलेआनेने अर्ज दोनदा वाचला. मग खाली सही केली.

“पाहुणी नजरेआड होता कामा नये,” कार्मेनाने निनोसला बजावलं. “नियम आहे.”

“पाळीन,” तो म्हणाला.

ती काचेच्या खोक्यात शिरली. मागचं दार मिटलं. रोज ज्याच्याकडे बघायची, त्याच्या आतून आज जग बघत होती. मग पुढचं दार उघडलं, मग आणखी चार, प्रत्येकाला त्याचा तळहात. शेवटच्या दाराशी त्याने तिच्या कानात बोळे बसवले. मग स्वतःच्याही.

आणि मग...

वारा. आधी वारा आला, गार, अखंड, केस मागे नेणारा. दोन्ही बाजूंना काळी कपाटं, पार टोकापर्यंत, आणि त्यांच्यावर हिरवे दिवे लुकलुकताहेत, हजारो, लाखो... समुद्रात अमावास्येला लाटा चमकतात तसे. कुणाचं तरी बाळ पहिल्यांदा आजीला दिसत होतं त्यात. कुणाची रक्ताची तपासणी होती. नुकुअलोफाची एखादी आत्या बोलत होती. एवढं सगळं श्वास घेत होतं, आणि मालक म्हणवणाऱ्यांपैकी एकालाही इथे येऊन उभं राहावंसं वाटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. तोंडातून प्रार्थनेचा शब्द निघाला, तो पंख्यांच्या घरघरीत विरला.

निनोस दिव्यांकडे बघत नव्हता. नियम पाळत होता.

तिने त्याच्या एका कानातला बोळा काढला. टाचा उंचावून जवळ गेली.

“आत्याला विचारावं लागेल,” ती ओरडली.

त्याचा चेहरा उतरला. “कधी विचारशील?”

“विचारलं. डिसेंबरातच.”

डिसेंबर. म्हणजे त्या मंगळवारच्या आधी. त्याला ते उमगायला दोन श्वास लागले.

“मग... काय म्हणाली?”

“म्हणाली, पोरगा तुझ्या कामाचा मान ठेवतो का, ते आधी बघ.”

“आणि?”

त्या गार वाऱ्यात तिने त्याचा तळहात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“बघितलं,” ती म्हणाली.