उरलेलं निळं कापड

"एवढंच?"

दुकानाच्या दारातूनच ती खेकसली. गोधड्यांसाठी उरलेले तुकडे न्यायला ती नेहमीसारखी म्हाताऱ्या शिंप्याकडे आली होती, आणि काउंटरमागे भलताच कुणीतरी उभा होता. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि तळहातावर मूठभर चिंध्या. म्हाताऱ्याचा भाचा म्हणे.

"एवढंच उरलं. मी कापड वाया घालवत नाही," असं म्हणून तो वर हसलाही.

"यात बाहुलीचीसुद्धा गोधडी होणार नाही!"

"मग बाहुली जरा लहान घ्या."

मेला हजरजबाबी! ती पाय आपटत निघून गेली. खरं तर जपून कापणारा शिंपी म्हणजे गुणाचा माणूस. पण तिची गोधडी उरल्यासुरल्यावरच शिवली जायची. असले गुण घेऊन तिने काय चाटायचे होते? दोन आठवडे ती तिकडे फिरकली नाही.

मग एके दिवशी बाजारात तोच आडवा आला. "तुकडे साठलेत... न्यायला या की."

आणि काय सांगावं, पिशवी भरून तुकडे! निळंशार कापड, त्यावर पिवळे ठिपके. तो एकेक तुकडा सावकाश घडी घालून देत होता.

"जरा भरभर द्या ना, मला घाई आहे."

"मला नाही," तो म्हणाला... आणि मान वर करून त्याने तिच्याकडे बघितलं. तिने घाईघाईने पिशवीत तोंड खुपसलं.

त्यानंतर ती दर मंगळवारी जायला लागली. एवढे तुकडे आले कुठून, हे तिने एकदाही विचारलं नाही. तिथेच चुकलं.

कारण गोधडी पोचवायला ती डॉक्टरीणबाईंकडे गेली, तर बाईंच्या अंगात तेच निळं कापड, तेच पिवळे ठिपके!

"माझ्या ड्रेसचं कापड चोरायचं, त्याची गोधडी करायची आणि ती मलाच विकायची?" बाई कडाडल्या. "वा गं वा!"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वर्षं लोक गेलेल्या माणसांचे कपडेसुद्धा गोधडीसाठी न मोजता तिच्या हाती देत होते. चोरटी म्हणून एकदा नाव झालं की कोण दार उघडणार होतं? गोधडी तिथेच टाकून ती तडक दुकानात गेली.

"गिऱ्हाइकाचं कापड मारतोस? आणि माझ्या पिशवीत भरतोस?" तुम्ही-बिम्ही केव्हाच गळून पडलं होतं.

"चोरी नाही केली मी."

"मग आलं कुठून?"

त्याचे कान तेवढे लाल झाले.

"बोलायचं नाही? मग चल! बाईंसमोरच बोल!" त्याच्या गळ्यातला टेप धरूनच तिने त्याला बाहेर काढलं.

बाईंसमोरही त्याचं तोंड उघडेना. तिचं रडू फुटायच्या बेतात होतं. डोळ्यांतलं पाणी लपवायला ती गोधडीवर वाकली, निळ्या तुकड्यांवरून हात फिरवू लागली... आणि थबकली.

"बाई, ड्रेसला कापड किती दिलं होतं?"

"अडीच मीटर."

"ते तर सगळं तुमच्या अंगावरच आहे. आणि हे निळं दोन मीटर तरी भरेल." ती गर्रकन वळली. "हे उरलेलं नाहीच! तू नवं कापड आणून फाडलंस?"

"बाईंचं कापड बघून वाटलं, हा रंग तुला आवडेल," तो पुटपुटला. "म्हणून तसंच विकत आणलं. मागाहून दिलेले तुकडेही सगळे विकतचेच."

"अहो, पण फाडायचं कशाला?" बाईंनी विचारलं.

"उरलं नाही तर ही येत नाही."

बाई मट्‌कन खुर्चीत बसल्या. मग तोंडाला ओढणी लावून हसत सुटल्या. "माझं चुकलं गं पोरी," म्हणत त्यांनी गोधडी छातीशी धरली.

ती मात्र जिना उतरेपर्यंत धुमसत होती.

"नवंकोरं कापड! त्याच्या चिंध्या करताना हात कसा धजला तुझा? मी उरलेल्यातून काहीतरी करते म्हणून लोक मला मानतात. आणि तू... माझी नाचक्की होत होती, तरी तोंडात मिठाची गुळणी!"

"चुकलं. पण सांगितलं असतं, तर तू हसली असतीस."

"हसले असते की नाही, ते मला ठरवू दे ना!"

"बरं." त्याने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा तिथेच ठेवली. "मला तू आवडतेस. तुकड्यांबिकड्यांवाचून येशील?"

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. राग अजून होताच, गालांवर चढला होता.

"येईन," ती फणकारली. "पण कात्री लपवून ठेव!"