डाव्या कानातलं गाणं

इटलीतल्या आमच्या रिमिनीच्या किनाऱ्यावर रविवारी दुपारी नाचायची पद्धत होती. आया जेवणानंतरची भांडी घासत असायच्या, आणि आम्ही केसांना जेल चोपडून, सायकली पाइनच्या झाडांना टेकवून ‘कोंकीलिया’ क्लबात शिरायचो. जाड पडदे ओढले की आत रात्र व्हायची. मी आणि माझा मित्र लेआर्को तिथले डीजे, आलटून पालटून वाजवायचो. गर्दी त्याच्यासाठी यायची. मला हेवा वाटायचा, पण त्याच्या शेजारी उभं राहायला मिळतंय याचा आनंद त्याहून मोठा होता.

दुसऱ्या डीजेंना गाण्याचं नाव कळू नये म्हणून आम्ही सगळेच तबकडीवरचा कागद गरम पाण्यात भिजवून काढून टाकायचो. लेआर्को याबाबतीत फारच चिंगूस. दर रविवारी शेवटी तो जे गाणं लावायचा, त्याचं नाव त्याने बायकोलाही सांगितलं नाही. संथ ठोका, आणि त्यावर कुणा बाईचं शब्दांवाचून गुणगुणणं. तो गेला तेव्हा ओरिएल्लाने, त्याच्या बायकोने, ती तबकडी त्याच्या शवपेटीत ठेवली. महिनाभरात तिला चुटपुट लागली. मग आम्ही दोघांनी जंग जंग पछाडलं, दुकानादुकानांत जाऊन ते गाणं गुणगुणून दाखवलं. कुणालाच ओळखता आलं नाही.

यंदा कोंकीलिया पाडायचं ठरलं. शेवटच्या रविवारी जुनी मंडळी जमली, आणि वाजवायला मी. ओरिएल्ला दारातच भेटली.

“आलास का, लोरिस बहिऱ्या? केस कुठे ठेवून आलास?”

“तुझ्या नवऱ्याबरोबर पुरले.”

ती मनापासून हसली. मग माझ्या कोटाची कॉलर नीट करत म्हणाली, “एकदाच ऐकायला मिळालं असतं रे ते. उद्या ही जागाही नसेल. मग मी त्याला कुठे जाऊन आठवायचं?”

मी वाजवायच्या चौथऱ्यावर चढलो.

माझा डावा कान केव्हाच कामातून गेलाय. जन्मभर त्याच कानाला हेडफोन, उजवा लोकांकडे. पुढचं गाणं आधी आपण एकट्याने ऐकायचं, मग ते लोकांना द्यायचं, हाच आमचा धंदा. आता मी हेडफोन उजव्या कानाला लावतो आणि कसंबसं निभावतो. पण त्या जागी उभं राहिल्यावर जुन्या सवयीने हेडफोन धरलेला हात डाव्या कानाकडेच गेला.

आणि मला ऐकू आलं.

आधी ग्लास फुटल्याचा आवाज, मग एक खणखणीत हसू. मी खाली पाहिलं. सगळे मजेत नाचत होते. थोड्या वेळाने बारपाशी ग्लास फुटला आणि तेच हसू उजव्या कानाने ऐकलं.

मी हेडफोनची वायर उपटली. डाव्या कानात आवाज चालूच राहिला.

संथ ठोका. बाईचं गुणगुणणं.

माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, डोळेही भरून आले. तबकड्या फिरवायच्या दोन यंत्रांपैकी दुसऱ्यावर तबकडीच नव्हती. तरी मी त्याच्या आवाजाची सरकपट्टी हलकेच वर ढकलली.

गाणं सगळ्यांना ऐकू आलं.

नाचणारे पाय थबकले. ओरिएल्लाने तोंडावर हात ठेवला. मग डोळे मिटून ती एकटीच डोलू लागली, विशीतल्यासारखी. इतकी सुखी मी तिला लेआर्को गेल्यापासून पाहिलीच नव्हती.

डाव्या कानात मात्र गाणं पुढे पोचलं होतं. तिथे ते संपलं. टाळ्या पडल्या.

मग काहीतरी जड कोसळलं.

कुणीतरी दिवे लावायला सांगितलं. पडदे सरकताना ऐकू आले. त्या गलक्यात ओरिएल्लाचा आवाज अगदी जवळून आला.

“लोरिस. अरे, उठ ना. लोरिस.”

कानात ती हाक मारतेच आहे. माझं उत्तर काही ऐकू येत नाही.

सरकपट्टीवर माझं बोट आहे. खाली ओढली तर गाणं इथेच थांबेल, आणि कदाचित ते कोसळणंही टळेल. पण खाली ओरिएल्ला अजून डोळे मिटून नाचतेय.

मी बोट काढून घेतो.

गुणगुणणं विरत चाललंय. ओरिएल्ला डोळे पुसते, माझ्याकडे बघून हसते आणि चौथऱ्याची पायरी चढू लागते.