शून्याची दुरुस्ती

'सुवाच्य' या नव्या ब्राउझरच्या चाचणी-आवृत्तीत मंजिरी बोडसने सर्पदंशाच्या लसीचं पान उघडलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पान तिनंच बांधलेलं होतं. घाटाखालच्या जिल्ह्यात कुठल्या आरोग्य केंद्रात लसीच्या किती कुप्या शिल्लक आहेत, हे रुग्णवाहिकांना कळावं, एवढंच त्याचं काम. चाचणीसाठी तिनं आंबवडे केंद्रापुढे मुद्दाम शून्य टाकलं होतं. शेजारच्या जुन्या ब्राउझरमध्ये शून्यच दिसत होतं. 'सुवाच्य'मध्ये बारा.

तिनं पान तीनदा नव्यानं उघडलं. तिन्ही वेळा बारा.

येत्या सोमवारपासून जिल्ह्यातल्या चाळीस रुग्णवाहिका आणि त्यांचा नियंत्रण कक्ष हाच ब्राउझर वापरणार होते. सगळीकडे तो चढवून झाला होता. चालू तेवढा करायचा होता. विषारी साप चावलेल्या माणसाला घेऊन गाडी रिकाम्या केंद्रावर गेली, तर तिथून पुढे न्यायला वेळ उरत नाही. मंजिरीनं तक्रार लिहिली: 'तुमचा ब्राउझर आकडे बदलतो. यानं माणसं मरतील. सोमवारची सुरुवात थांबवा.'

उत्तर तासाभरात आलं. 'आपली नोंद मिळाली. सर्व काही अपेक्षेप्रमाणे चालू आहे. सहकार्याबद्दल आभार.'

"आभार घाल चुलीत!" ती पडद्यावर ओरडली आणि तिनं दुसरी तक्रार लिहिली. मग तिसरी. पाचवीत तर तिनं 'निर्लज्ज' हा शब्द दोनदा वापरला. उत्तर प्रत्येक वेळी तेच, शेवटच्या आभारांसकट. पालथ्या घड्यावर पाणी! शुक्रवारी सकाळी तिनं आपला जुना लॅपटॉप काखोटीला मारला आणि ती 'अनुमित' कंपनीच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत जाऊन धडकली.

'सुवाच्य'चा प्रमुख अभियंता सुबोध पारसनीस हसतमुखानं उठला. "या, बोडस मॅडम! इतकी गोड पत्रं लिहिणारा परीक्षक आम्हाला आजवर भेटला नव्हता."

"गोड?" मंजिरी दारातच थांबली. "माझी थट्टा करताय? मी तुम्हाला निर्लज्ज म्हटलंय. आता समोर उभी राहूनही म्हणते."

पारसनीसचं हसू मावळलं. "हे बघा, भांडायचंच असेल तर—"

"भांडायलाच आलेय. शून्याचे बारा कसे होतात, तेवढं सांगा."

"त्यालाच आम्ही संभाव्य-वाचन म्हणतो," तो फणकाऱ्यानं म्हणाला. "तुम्ही लोक पानं किती गचाळ बांधता, ठाऊक आहे ना? खुणा अर्धवट, चौकटी रिकाम्या, आकडे गळालेले. जुने ब्राउझरही तुमच्या चुका मुकाट्यानं पोटात घालतात, म्हणून तुमची पानं निदान दिसतात तरी. आम्ही एक पायरी पुढे गेलो. 'सुवाच्य' तसल्या लाखो पानांशी ताडून पाहतो आणि जे विसंगत वाटतं, त्याच्या जागी जे असण्याची शक्यता सर्वांत जास्त, ते दाखवतो."

"म्हणजे वर्षभर बारा असलेल्या जागी एक दिवस शून्य आलं, तर—"

"तर आकडा गळाला असणार, असं धरतो." बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला. "पण हे तुम्ही आधी का नाही कळवलंत?"

"पाच वेळा कळवलं!"

त्यानं आपला पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर तिचंच नाव होतं, आणि खाली लिहिलं होतं: 'तुमचा ब्राउझर आकडे सुंदर दाखवतो. यानं माणसांचे प्राण वाचतील. सोमवारची सुरुवात लांबवू नका.'

मंजिरीनं ते दोनदा वाचलं. 'अनुमित'चा एक नियम साऱ्या धंद्यात कौतुकाचा विषय होता: स्वयंपाक करणाऱ्यानं आधी स्वतः जेवायचं. कंपनीतला प्रत्येक माणूस सगळा पत्रव्यवहार 'सुवाच्य'मध्येच वाचायचा, आणि परीक्षकांनीही तक्रारी त्यातूनच पाठवायच्या, अशी अट होती. फुकट मिळालेल्या वस्तूचे परीक्षक बहुधा गोडच लिहितात. त्या ढिगात कडू पत्र आलं की ब्राउझरच्या लेखी ते बिघडलेलं पत्र ठरत होतं.

"आणि मला तुमची ती छापील उत्तरं!" ती म्हणाली.

"छापील? मी स्वतः बसून लिहिलीत." त्यानं तिचाच लॅपटॉप ओढला आणि जुन्या ब्राउझरमध्ये तिची टपालपेटी उघडायला लावली. त्याचं पहिलंच पत्र होतं: 'मॅडम, कौतुक पुरे. एकही दोष न काढणाऱ्या परीक्षकाची मला भीती वाटते. लसीचा साठा संपलेला असताना पान कसं दिसतं, कृपया तपासाल का? तुमच्या उत्तरासाठी थांबलो आहे.'

कंपन्या तक्रारदाराला असं कधी लिहितात का? मग ब्राउझरनं कंपन्या एरवी जे लिहितात तेच दाखवलं होतं. दर पान दोन ब्राउझरांत शेजारीशेजारी उघडून पाहणाऱ्या मंजिरीनं टपाल मात्र एकदाही तसं पाहिलं नव्हतं. तिला स्वतःचीच विलक्षण लाज वाटली.

"दुरून बंद करा तो," ती म्हणाली.

"ती सोय पुढच्या आवृत्तीत आहे."

"कपाळ तुमचं!"

तिच्याच लॅपटॉपवरून, जुन्या ब्राउझरमधून पारसनीसनं नियंत्रण कक्षाला पत्र धाडलं: 'सुवाच्य सोमवारी चालू करू नका. गंभीर दोष आहे. जुना ब्राउझरच ठेवा.' पोच ताबडतोब आली, तेव्हा दोघांनीही सुटकेचा श्वास टाकला. तरी खात्री करावी म्हणून मंजिरीनं नियंत्रण कक्षाला फोन लावला.

"हो मॅडम, पत्र आलं की," पर्यवेक्षक सुनंदा राऊत म्हणाल्या. "आम्ही टपालापुरता तो नवा ब्राउझर कालच लावलाय. सोमवारची वाट बघू नका, आजच चालू करा, असं कळवलंत ना? केला. चाळीसही गाड्यांवर."

चालू करू नका, असं सांगणारं पत्र कुठली कंपनी पाठवते? गप्प बसले असते तर सोमवारपर्यंत तरी जुना ब्राउझर चालला असता.

"राऊतबाई, नीट ऐका. पत्रात उलट लिहिलंय. तुम्हाला दिसतंय ते खरं नाही. आत्ताच्या आत्ता जुना ब्राउझर लावा."

"तसं लेखी द्या मग."

"लेखी दिलं तर ते उलटंच दिसणार हो! तुमच्या मोबाइलवर पत्राचा फोटो पाठवते."

"कक्षात मोबाइल आणू देत नाहीत. आणि मागे कुणीतरी खोटा फोन केला नि दोन गाड्या भलतीकडे गेल्या. तेव्हापासून तोंडी काही बदलायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. मेल करा, मी लगेच करते. थांबा हं, एक गाडी बोलतेय."

पलीकडे वायरलेसची खरखर झाली. भातखाचरातली बाई, मण्यार, वीस मिनिटं झाली. जवळचं केंद्र पोफळवणे.

मंजिरीनं जुन्या ब्राउझरमध्ये पान उघडलं. पोफळवणे: शून्य. मोरशेत: नऊ.

"पोफळवण्याला नको!" ती किंचाळली. "तिथं लस नाही! मोरशेतला पाठवा, तिथं आहे! बाई, पाया पडते तुमच्या!"

राऊतबाईंचा आवाज मऊ झाला. घाबरलेल्या माणसाशी बोलायची त्यांना सवय होती.

"मॅडम, शांत व्हा. मी स्वतः बघतेय ना, पडद्यावर चौदा दिसतायत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी गाडीला पोफळवण्याचा रस्ता दिला.