यादीतलं शेवटचं नाव

एलामान पहिल्यांदा आला तेव्हा मी टीव्ही केंद्रातल्या जाहिरातींच्या टेबलाखाली होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तुटलेली वायर. समोर एकदम दोन बूट आले, घोट्यापर्यंत बर्फ लागलेले.

"कोणी आहे का?"

"टेबलाखाली आहे."

"टेबलाखाली जाहिराती घेता?"

"फक्त घोड्यांच्या," मी चिडून म्हणाले.

बूट जरा मागे सरकले. मग म्हणाले, "बरं झालं. घोडाच हरवलाय."

मी घाईने बाहेर यायला गेले आणि डोकं आपटलं. त्याने टेबलाच्या कडेवर हात ठेवला होता, मला लागू नये म्हणून... पण अर्धा सेकंद उशिरा. चेहरा उन्हाने रापलेला, डोळ्यांभोवती मात्र गॉगलची दोन पांढरी वर्तुळं. घाटावर काम करणारी माणसं आमच्या नारिन शहरात लांबूनही ओळखू येतात.

"तपकिरी आहे, कपाळावर पांढरा ठिपका," तो सांगू लागला. "घाटावरच्या चौकीचा घोडा. मी तिथे बर्फ मोजतो."

"नाव?"

"घोड्याचं की माझं?"

"संपर्कासाठी. घोडा फोन उचलणार असेल तर त्याचं द्या."

तो हसला. मी लिहून घेतलं. एलामान, वय एकोणतीस. वय जाहिरातीला लागत नाही. तरी मी विचारलं.

आमची वाहिनी अगदी छोटी होती. संध्याकाळी पाच ते नऊ, चारच तास. बातम्या, हवामान, हरवलं-सापडलं, आणि सात वाजता शुभेच्छा. मी भौतिकशास्त्र शिकून राजधानीतून, बिश्केकहून, परत आले होते आणि टॉवर, वायरी, जाहिरातींचा काउंटर, सगळंच सांभाळत होते. मैत्रिणी फोनवर चिडवायच्या, "अगं, टीव्ही आता बघतं तरी कोण?"

तोच प्रश्न मी त्याला विचारला. "हातात फोन असताना इथे कशाला आलात?"

"फोनवर टाकलं तर माझे ओळखीचे बघतील," तो म्हणाला. "घोडा अनोळखी माणसाकडे गेलाय."

मी पेन खाली ठेवलं. पाच वर्षं या नोकरीत होते मी, पण टीव्ही कशाला हवा याचं इतकं नेमकं उत्तर मला कोणी दिलं नव्हतं.

दारापर्यंत जाऊन तो वळला. "एक विचारू? रोज साडेचारला त्या रंगीत पट्ट्या दिसतात पडद्यावर..."

"मी लावते. सिग्नल तपासायला."

"चौकीवर तुमची एकच वाहिनी दिसते. दोन वर्षं रोज बघतोय त्या पट्ट्या." टोपी घालता घालता तो म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं तुम्हालाच बघतोय म्हणायचं. निळी पट्टी जरा थरथरते हं."

निळी पट्टी थरथरते हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी नुसती पट्टीच थरथरत होती, असंही नाही.

घोडा दुसऱ्याच दिवशी सापडला. तरी तो पुढच्या शुक्रवारी, पाळी संपवून घाट उतरल्यावर, पुन्हा आला. आणि मग प्रत्येक शुक्रवारी. त्याच्या नोंदवहीत एकीकडे बर्फाची खोली असायची आणि दुसरीकडे माझ्या पट्ट्या. "सोमवार – निळी स्थिर. मंगळवार – हिरवी आजारी. बुधवार – सगळ्या मजेत, बाई खूश असाव्यात." मी ते आकडे माझ्या वहीत उतरवून घ्यायचे. बर्फाचेही. बर्फाची मला काही गरज नव्हती... पण खोली एक मीटरच्या वर गेली की माझी झोप उडायची. एवढ्या बर्फात हिमकडा कधीही खाली येऊ शकतो, हे त्यानेच एकदा गमतीत सांगितलं होतं. सिग्नलला एकक असतं, बर्फालाही असतं. काळजीला नसतं. मोजता येत नाही अशा गोष्टीशी माझा तो पहिलाच सामना होता.

आणि जानेवारीत बुरुल एजेंनी आणखी एक काळजी आणून दिली. बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, आमच्या निवेदिका. तीस वर्षं सात वाजता त्याच बोलायच्या, आणि त्या बोलल्या म्हणजे ते खरं.

"तुझा तो बर्फवाला," चहात जॅम ढवळत त्या म्हणाल्या, "त्याच्या आईने एक शिक्षिका बघून ठेवलीय म्हणे. मुलगी शांत आहे. टेबलाखाली वगैरे जात नाही."

"माझा कुठला, एजे?"

"नाही ना? मग कान का लाल झाले?"

फेब्रुवारीत तो आला तो आईच्या साठीच्या शुभेच्छा घेऊन. आमच्याकडे साठीला अर्धा मेंढा कमी पडला तरी लोक माफ करतात, टीव्हीवरची यादी चुकली तर नाही. नावं वयाच्या क्रमाने, मुलासोबत सून, मुलीसोबत जावई, जोडीजोडीने. मागच्या वर्षी एका धाकट्या जावयाचं नाव राहिलं, तर तो वसंत येईपर्यंत सासरच्या दारात गेला नव्हता.

एलामानने स्वतः लिहिलं होतं.

"प्रिय आई सोनुन यांना साठीच्या शुभेच्छा. शुभेच्छुक –
कुबात – झामिरा
आसेल – माक्सात
एलामान –"

"शेवटी डॅश कशाला?" असं मी विचारायला हवं होतं. पण तो हातमोजे हीटरवर वाळत घालून अगदी जवळ उभा होता, त्याच्या कोटाला धुराचा आणि थंडीचा वास येत होता, आणि तो म्हणाला, "सही करा ना. तुमचं अक्षर आवडतं मला."

मजकूर घेणाऱ्या कर्मचाऱ्याची सही कागदाच्या मागे, चौकटीत करायची असते. मी पाच वर्षं तशीच करत होते. त्या दिवशी मला एक डॅश दिसला, पुढे रिकामी जागा दिसली... आणि मी तिथे सुंदर अक्षरात लिहिलं – नुरिझा.

बुरुल एजे घाईत आल्या, कागद उचलून घेऊन गेल्या. एलामान आईकडे, घाटापलीकडच्या गावी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सात वाजून चार मिनिटांनी मी नियंत्रण कक्षात होते. एजेंचा तो लोण्यासारखा आवाज साऱ्या खोऱ्यात घुमला. "शुभेच्छुक – कुबात आणि झामिरा, आसेल आणि माक्सात, एलामान आणि..." एक क्षण त्या थांबल्या. मग तोंडभर हसून म्हणाल्या, "आणि नुरिझा!"

माझा हात बटणाकडे गेला. थेट प्रक्षेपण होतं. मागे घ्यायची काही सोय नव्हती.

पहिला फोन सात मिनिटांनी वाजला. "नुरिझा कुणाची मुलगी?" दुसरा – "लग्न कधी झालं, आम्हाला बोलावलं नाही?" तिसरा माझ्या आईचा.

"आई, या शहरात नुरिझा नावाच्या एकोणीस मुली आहेत," मी सांगून पाहिलं.

"एकोणीस असतील. पण त्यातल्या एकीचेच कान शुक्रवारी लाल असतात, असं बुरुल सांगते. घरी ये. बोलायचंय."

संचालकांनी मला बोलावून घेतलं. ते रागावले नाहीत, तेच जास्त वाईट वाटलं. "नियम तुला माहीत आहे. चूक झाली की दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दुरुस्ती. घरच्यांनी मजकूर आणला तर त्यांचा वाचायचा. नाही आणला तर आपला."

"आपला म्हणजे?"

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. 'नुरिझा ही आमची कर्मचारी असून सदर कुटुंबाशी तिचा काहीही संबंध नाही.'

काहीही संबंध नाही... अक्षर न् अक्षर खरं होतं. मग तो कागद मला हातात का घेववेना?

रात्रभर मी एकच हिशोब मांडत राहिले. तिकडे साठ माणसं जेवायला बसलेली असणार. सोनुन आपांना, म्हणजे त्याच्या आईला, सगळ्यांनी सुनेबद्दल विचारलं असणार. उद्या त्याच पडद्यावर, त्याच साठ माणसांसमोर त्यांची सून परत काढून घेतली जाणार. ती शांत शिक्षिका, तिचे आईवडील, तेही बघत असणार. फोनवर चूक झाली असती तर पुसून टाकली असती. टीव्हीवर सगळं खोरं एकाच वेळी एकाच दिशेने बघतं, तिथे पुसणंसुद्धा सगळ्यांदेखत करावं लागतं.

सकाळी त्याचा फोन लागत नव्हता. दहा वाजता आमच्याच बातम्यांसाठी निरोप आला – घाटात हिमकडा कोसळला, रस्ता बंद. बर्फ एक मीटर तीस.

कोणी अडकलं का? मी विचारलं. माहिती नाही, असं उत्तर आलं.

यानंतर दुरुस्तीचं काय होणार ही काळजी मला उरली नाही. अपमान होऊ दे, नोकरी जाऊ दे, त्या शिक्षिकेशी त्याचं लग्न होऊ दे... फक्त तो त्या रस्त्यावर नसू दे. साडेचारला मी पट्ट्या लावल्या. रोज दहा मिनिटं लावते, त्या दिवशी पाच वाजेपर्यंत लावून ठेवल्या. कुठल्यातरी चौकीत बसून तो निळी पट्टी बघत असेल, एवढीच आशा.

सात वाजायला वीस मिनिटं असताना दार उघडलं. दोन बूट. गुडघ्यापर्यंत बर्फ.

मी उभी राहिले. तोंडून निघालं ते भलतंच. "फोन कुठे होता तुमचा?"

"बर्फात. मी वर होतो, तो खाली पडला." तो दम खात होता. "कड्याच्या बाजूने चालत आलो. पुढे ट्रॅक्टर मिळाला."

"वेडे आहात का तुम्ही? एक मीटर तीस..."

"एक मीटर बारा. सकाळपासून बसलाय बर्फ." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही रडताय?"

"मुळीच नाही. मजकूर आणलाय का? नसेल तर आमचा वाचला जाईल."

त्याने संचालकांचा कागद टेबलावरून उचलून वाचला, आणि उलटा करून ठेवला.

"आधी एक कबूल करायचंय," तो म्हणाला. "तुम्ही सही केली ना, ती मी पाहिली होती. सांगणारच होतो. पण वाटलं... एक मिनिट तसंच राहू दे, बघू कसं दिसतं. त्या मिनिटात एजे कागद घेऊन गेल्या. चूक तुमची नाही. माझी."

"आणि ती शिक्षिका?"

"आईने काल तिच्या घरी नकाराचा निरोप पाठवला. म्हणाली, एवढ्या दिवसांत तू घोड्याबद्दल बोललास, पट्ट्यांबद्दल बोललास, त्या मुलीबद्दल एक शब्द नाही. मीच मूर्ख, मला टीव्हीवरून कळावं लागलं."

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. निळ्या पेनाने लिहिलेला.

'काल सोनुन यांच्या शुभेच्छांच्या यादीत एक नाव चुकून वाचलं गेलं. ते नाव सध्या मागे घेत आहोत. – कुटुंबीय.'

मी दोनदा वाचला. सगळा मजकूर पेनाचा होता. एकच शब्द पेन्सिलीचा होता.

"हे 'सध्या' काय आहे?"

"ते तुमच्या हातात आहे." तो हीटरकडे बघत बोलत होता, माझ्याकडे नाही. "म्हणून पेन्सिलीने लिहिलं. काल तुम्हाला न विचारता तुमचं नाव सगळ्या खोऱ्याने ऐकलं. आज तसं नको. खोडरबर तुमच्या वरच्या खणात असतो, मला माहीत आहे. खोडलंत तरी... निळ्या पट्टीची नोंद मी ठेवीनच."

घड्याळात सहा वाजून चोपन्न मिनिटं. दारातून बुरुल एजेंनी डोकं आत घातलं. "कागद! पोरांनो, डोळ्यात डोळे नंतर घाला, मला कागद द्या."

मी वरचा खण उघडला. खोडरबर समोरच होता. एलामानने श्वास रोखला, ते मला ऐकू आलं.

मी खोडरबराशेजारचं पेन उचललं. निळं. आणि 'सध्या' हा शब्द अक्षरावर अक्षर ठेवून नीट गिरवला. काना, मात्रा, सगळं. अक्षर चांगलं आलं. मग कागद उलटा करून चौकटीत सही केली.

"चौकटीत?" त्याने विचारलं.

"नियम म्हणजे नियम."

सात वाजून चार मिनिटांनी एजेंनी दुरुस्ती वाचली. 'सध्या'वर त्या थांबल्या. चष्मा काढला, काचेपलीकडे माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुन्हा घातला आणि तो शब्द परत एकदा वाचला, सावकाश, अगदी मागच्या बाकावरच्यांना कळावं तसा.

एकाच मिनिटात फोन वाजला. मी उचलला.

"सोनुन बोलतेय," पलीकडून एक ठसठशीत आवाज आला. मागे बरीच माणसं एकदम गप्प झाल्याचं ऐकू येत होतं. "तूच ना ती, सही करणारी? मला एवढंच सांग गं, सध्या म्हणजे नेमकं कधीपर्यंत?"

मी एलामानकडे पाहिलं. त्याच्या बुटांवरचा बर्फ वितळून माझ्या टेबलाखाली ओघळ वाहत होता. आकडा हवा असला की लोक मलाच विचारतात. मला मात्र तो कुणाकडे असतो हे ठाऊक होतं.

"घाटातला बर्फ वितळेपर्यंत, आपा," मी म्हणाले.

"आणि किती आहे तो?"

मी फोनवर हात ठेवला आणि त्याला विचारलं.

"एक मीटर बारा," तो म्हणाला. मग पहिल्यांदाच, अहो-जाहो विसरून, हळूच – "पण तू म्हणशील तर उद्यापासून फावडं घेतो."