न चढवलेला हार

हर्षिताने समाजाच्या कुटुंबयादीचं अ‍ॅप एकटीने लिहिलं होतं. पानं वेबसाइटसारखीच; पण ती दाखवायला अख्खा ब्राउझर सोबत न देता, ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आधीच असलेला वेबव्ह्यू वापरायचा. त्यामुळे अ‍ॅप एवढंसं झालं. विंडोजवर चाललं, मॅकवर चाललं, धुळ्याच्या समाजभवनातल्या जुनाट लिनक्सवरही चाललं. भवनाचं काम बघणाऱ्या मोतीलालभाऊंना त्याचं कोण कौतुक!

त्यांचा एकच हट्ट होता. कोणी वारलं तरी वर्षभर फोटो यादीतून काढायचा नाही, त्यावर चंदनाचा हार चढवायचा. हर्षिताने तशी सोय केली. नावापुढे खूण केली की चौकटीवर हाराचं चित्र यायचं.

जूनमध्ये भाऊंचा हर्षिताला जळगावला फोन आला. "बेटा, चोपड्याच्या कांतीलालभाऊंना हार कोणी चढवला? सकाळीच बोललो मी त्यांच्याशी."

तिने आपल्याकडे उघडून पाहिलं. फोटो स्वच्छ, खूण नाही. हार फक्त धुळ्याला दिसत होता. प्रत्येक वेबव्ह्यू पान थोडं वेगळं दाखवतो, याचा तिला रोजचाच वैताग; तिने भाऊंना मशीनमध्ये साठलेली जुनी पानं, म्हणजे कॅश, पुसायला सांगितली आणि विसरून गेली. तिसऱ्या दिवशी कांतीलालभाऊ गेले.

योगायोग, ती म्हणाली. मग जामनेरच्या एका अक्कांच्या फोटोवर हार आला. त्या चार दिवसांत गेल्या.

मंगळवारी सकाळी भाऊ फोनवर नुसते खाकरत राहिले. "तू ये," एवढंच म्हणाले.

सात वर्षांच्या लेकीला, विधीला, सासूबाईंजवळ ठेवून तिने धुळ्याची एसटी पकडली. भवनात भाऊ स्क्रीनकडे पाठ करून बसले होते.

हार विधीच्या फोटोवर होता.

हर्षिता स्क्रीनजवळ वाकली. तिने केलेला हार चौकटीला लटकायचा. हा विधीच्या गळ्यात होता, डाव्या वेणीच्या खालून गेलेला.

तिने हाराचं चित्र फाइलींतून काढून टाकलं. हार होताच. विधीचं नाव यादीतून काढलं. फोटो जागचा हलला नाही.

"हा वेबव्ह्यूच नको," ती म्हणाली. यादी पूर्ववत केली आणि पूर्ण ब्राउझर अ‍ॅपमध्येच बांधायला घेतला, म्हणजे या मशीनचं काही चालणार नाही. भवनातलं इंटरनेट रडतखडत चालत होतं. एरवी सासूबाईंनी बसवलं तरच म्हणणारी हर्षिता दीड तास नवकार मंत्र पुटपुटत राहिली.

नवं अ‍ॅप उघडलं.

दोन वेण्या, शाळेचा गणवेश, मोकळा गळा.

भाऊंनी हात जोडले. ती रडता रडता हसली आणि तिने घरी फोन लावला.

"मम्मीजी, विधी काय करतेय?"

"झोपलीय गं," सासूबाई म्हणाल्या. "दीड तास झाला, कूससुद्धा बदलली नाही पोरीने."

"उठवा तिला."

पलीकडून बांगड्यांची किणकिण आली.

"अगं, मघापासून उठवतेच आहे."