ठमीचं कोपर

खरं तर त्या दिवशी तिची सुट्टी. विसरलेला चष्मा न्यायला म्हणून ती मोठ्या डॉक्टरसरांच्या प्राण्यांच्या दवाखान्यात डोकावली, आणि बाकावर बघते तर कोण? घड्याळवाला! मांडीवर त्याची बारा वर्षांची मांजर ठमी, आणि चेहऱ्यावर तेच ते हसू... ज्यानं गेला महिनाभर या नव्या डॉक्टरीणबाईंची झोप उडवली होती.

“बरं झालं बाई, तुम्हीच भेटलात,” तो म्हणाला. “तुम्ही सांगितलंत तसं हिचं खाणं निम्मं केलं. तरी माझ्या कामाच्या टेबलावर उडी काही मारत नाही. खाली उभी राहून नुसती वर बघते. मग मीही ओरडतो—आळशी कुठली!”

आळशी हा शब्द तिचाच. ‘काही झालेलं नाही हो, लाडावून आळशी झालीये नुसती!’ असं तीच मागे हसत हसत म्हणाली होती.

आज तिनं ठमीला आधी जमिनीवर सोडलं. ठमी चार पावलं चालली—जपून, आखडत. मग टॉवेलवर घेऊन तिनं पंजापासून वर एकेक सांधा चाचपला, वाकवला, सरळ केला. मागच्या मांड्यांचं मांस उतरलं होतं. पाठीवरच्या केसांच्या गाठी झाल्या होत्या. बिचारीला वळून अंग चाटणंही जमत नव्हतं. डावं कोपर बोटांना जाड लागलं. हलकेच वाकवताच ठमीनं पाय ओढून घेतला आणि वळून तिच्याकडे पाहिलं. आवाज मात्र नाही. मांजरं अशीच, गुपचूप सोसतात.

तिचे कान तापले.

“संधिवात आहे हिला. आळस नाही... दुखतंय.”

त्याचं हसू मावळलं. “म्हणजे महिनाभर मी हिला अर्धपोटी ठेवलं, वर ओरडलोही? पण मागच्या वेळी तुम्ही तपासलंत की!”

‘सुरुवातीला कळत नाही’ म्हणून सुटता आलं असतं. त्यानं विश्वासही ठेवला असता. पण ठमी अजून तिच्याकडेच बघत होती. तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“नाही तपासलं,” ती खाली बघत म्हणाली. “हात कोपरावरच होता, पण लक्ष... मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही बोलत होतात, आणि मी... शी! लाज वाटते हो मला. माफ करा. एक्स-रे काढू, औषध सुरू करू. आणि टेबलाशी एखादं खोकं ठेवा, पायरीसारखं.”

 ठमीला त्यानं छातीशी धरलं.

“राग आलाय मला,” तो म्हणाला. “ठमीला यापुढे सरांनाच दाखवणार.”

“हो... बरोबरच आहे.”

दाराशी जाऊन तो थांबला. त्याचेही कान लाल झाले होते.

“उद्या दुकान बंद करून मी येईन. एकटाच. तेव्हा काय बघायचं ते... मनासारखं बघून घ्या.”

“सहाला सुटते मी,” ती मान वर न करताच म्हणाली.